भगरीच्या कढईत फिनेल

प्रिय कल्याण,

हे पत्र मुद्दाम दुकानाच्या पत्त्यावर पाठवतेय. घरी आलं असतं तर सुनेचं पत्र म्हणून आधी नानांनी फोडलं असतं, मग सप्ताहवाल्या श्रीमंत तात्यांना वाचून दाखवलं असतं आणि संध्याकाळपर्यंत पारावर त्यावर निरूपण सुरू झालं असतं. फोनवर तुझ्याशी बोलण्यात काही राम उरलेला नाही. मी दोन वाक्यं बोलते न बोलते, तोच तू 'बरं बरं, गिऱ्हाईक आलंय' म्हणून ठेवून देतोस. नेवाशाच्या शेतकऱ्यांना एकाएकी एवढं खत कसं लागायला लागलं रे? म्हणून म्हटलं, कागदावरच लिहू. कागदाला मधेच कापता येत नाही. आणि घरात चारचौघांत मी तुला 'अहो' म्हणत असले, तरी इथे कॉलेजात म्हणायचे तसं कल्याणच म्हणणार आहे.

गणपती बसले त्या दिवशी तुझा मेसेज आला. नाना म्हणतात, दसऱ्याला महादेवाच्या मंदिरात साऱ्या गावासमोर माफी माग, पायरीवर नाक घास, म्हणजे विषय संपला आणि घरी परत ये. त्याच्या खाली आणखी एक ओळ होती. नाना विचारतात, चार वर्षं होम सायन्स शिकून त्याची किंमत काय निघाली? ती ओळ मी किती वेळा वाचली असेल, देव जाणे. नाना म्हणतात, नाना विचारतात. तू काय म्हणतोस ते त्या मेसेजमध्ये कुठेच नव्हतं. नानांच्या प्रश्नाचं उत्तर मी देणार आहे, अगदी नीट देणार आहे. पण उत्तर तुला देतेय, कारण तू विचारलंस. टाइप तुझ्या बोटांनी केलंस ना?

मी सध्या नगरला सावेडीत जयाच्या फ्लॅटवर राहते. जया म्हणजे माझी होस्टेलची रूममेट, जी तुला 'फुकट्या' म्हणायची. आधी पंधरा दिवस माहेरी पाथर्डीकडे होते. आईनं दोन वेळा ताट वाढलं आणि डोक्याला तेल लावलं. आण्णा मात्र रोज संध्याकाळी टेम्पो लावून आले की अंगणात बसून तो व्हिडिओ बघायचे. हो, तोच, 'सुनेने महाप्रसादात विष कालवले'. त्यांना तो भावकीतल्या कुणीतरी पाठवला होता. एकदा मीच चिडून म्हटलं, आण्णा, बास करा आता. तर म्हणाले, "पोरी, तुला परभनीला धाडलं तवा अख्खी भावकी मला हसली. म्हनली, गोरक्षनाथ, पोरीला चूल फुकायला शिकवायला एवढ्या लांब कशापायी धाडतो? आज बगतोय, चूल फुकायचं न्हाई, चुलीवरचं उतरवायचं शिकून आलीया." आणि हसले. आई आतून ओरडली, हसताय काय, पोरीचा संसार मोडाय लागलाय. तरी त्यांनी मोबाईल काही खाली ठेवला नाही.

किमतीचं म्हणशील तर आपल्या लग्नापासूनच सुरुवात करू. आठवतं ना, बैठकीत नाना तुझ्या मामांना सांगत होते, "सून बी.एस्सी. हाय." एवढंच. पुढचे दोन शब्द त्यांनी सुपारीबरोबर गिळले. कुणी विचारलंच कशात बी.एस्सी., तर चहा आला का बघायला उठायचे. मला तेव्हा हसू आलं होतं. नंतर पाहुण्या बायका आल्या की तेच दोन शब्द मोठ्यांदा बाहेर यायचे. होम सायन्स शिकल्याली हाय, आता बघा पुरनपोळी कशी करती. म्हणजे पुरुषांत लपवायचं आणि बायकांत राबवायचं. तुझी डिग्री नेवाशाच्या दुकानात चौकटीत टांगली आहे, तिच्यामुळे औषधं-खतं विकायचा परवाना मिळाला. दर दसऱ्याला नाना तिला झेंडूची माळ घालतात. माझी डिग्री कपाटात, बाईंनी, म्हणजे तुझ्या आईनं, दिलेल्या नऊवारीच्या घडीखाली. एकाच विद्यापीठाचा शिक्का आहे दोन्हींवर, एकाच मांडवात मिळालेल्या आहेत. मी कधी कुरकुर केली का? नाही केली. कारण मला वाटायचं, बाकीच्यांना नसेल कळत, तुला तर कळतं.

तुला कळायलाच हवं होतं. परभणीला असताना तू आमच्या प्रयोगशाळेच्या मागच्या दारात उभा राहायचास, सोयाबीनची बिस्किटं आणि नाचणीचे लाडू उचलायला. आम्ही सहा जणींनी मिळून कॉलेजातलं सरावाचं ते घर चालवायचं असायचं, त्याला मार्क असायचे. पाणी किती, इंधन किती, कुणाच्या ताटात काय कमी पडतंय. तू म्हणायचास, तुमची परीक्षा म्हणजे पोळी फुगली की पास. मी म्हणायचे, आणि तुमची? ऊस उगवला की पास? मग तू मला चिडवायला एका दुपारी तुमच्या वनस्पतिरोग विभागात नेलंस आणि सूक्ष्मदर्शकाखाली बुरशी दाखवलीस. भिजलेल्या धान्यावरची. मी म्हटलं, बापरे, किती देखणी आहे रे ही. तू म्हणालास, देखणी असली तरी हिच्या नादाला लागायचं नाही, ही शिजवून मरते पण हिचं विष शिजवून जात नाही. आमच्या मॅडमनी पुढे तेच शिकवलं, महिनाभर धान्याचे डबे हुंगायला लावले, डोळे बांधून. पण पहिल्यांदा मला ते तू सांगितलंस. त्या विषयात तू वर्गात पहिला होतास आणि निकालाच्या दिवशी मला पेढा भरवलास.

आता त्या एकादशीकडे येते. गावानं जे बघितलं ते कढईपाशी बघितलं. त्याच्या आधीचं सगळं फक्त तुला आणि मला माहीत आहे, तेव्हा ते एकदा कागदावर येऊ दे.

श्रावणातला सप्ताह, प्रत्येक दिवसाची पंगत एका घराची आणि एकादशीची पंगत आपल्या घराची. भगर आणि शेंगदाण्याची आमटी. नाना चार दिवस आधीपासून नवा सदरा घालून फिरत होते, त्यांच्या आनंदावर मला आजही काही म्हणायचं नाही. सकाळी आम्ही बायका मंदिराच्या ओट्यावर भगर निवडायला बसलो. मी सुपात पोतं ओतलं आणि हाताला खडे लागल्यासारखं झालं. खडे नव्हते, गुठळ्या होत्या. फोडली तर आत हिरवट राखाडी. दोन दाणे दाताखाली धरले, कडू लागले, थुंकून टाकले. विचारल्यावर कळलं, महाशिवरात्रीला नानांनीच देवाला दिलेली भगर उरली होती, ती मंदिरामागच्या पत्र्याच्या खोलीत ठेवली होती. देवाला दिलेलं परत घरी नेता येत नाही, विकता येत नाही आणि उकिरड्यावर तर टाकता येतच नाही. म्हणून ती अर्धा पावसाळा गळक्या पत्र्याखाली पडून राहिली आणि एकादशीला नव्या भगरीत मिसळली गेली. यात कुणी लबाडी केली नाही. सगळ्यांनी श्रद्धेनंच केलं, म्हणून तर कुणी ऐकून घेईना.

मी आधी नानांकडे गेले. पदर नीट घेऊन, हळू आवाजात सांगितलं की नाना, ही भगर खराब झालीय, खाल्ली तर माणसांना चक्कर येईल, उलट्या होतील, म्हाताऱ्या माणसांचं तर काही सांगता येत नाही. ते म्हणाले, "देवाच्या दारातलं अन्न बाधत न्हाई, सूनबाई. चार पान्यानं धुवा." श्रीमंत तात्या सप्ताहाचे मुख्य, ते शेजारीच होते. म्हणाले, "शिकल्याली लोकं अशीच. आमी जल्मभर हीच भगर खात आलो, मेलो का?" मेला नाहीत तात्या, दिसतंय, असं मी म्हणणार होते, पण गिळलं. तेवढं गिळलं म्हणून तर पुढचं झालं असं मला कधीकधी वाटतं.

मग मी तुला मांडवामागे बोलावलं. हातात मूठभर भगर दिली. तू ती तळहातावर चोळलीस, नाकाशी नेलीस. मी तुझ्याकडे बघत होते. त्या एका क्षणाला मला खात्री होती की आता सुटलो, आता कल्याण जाऊन नानांना सांगेल, तुझं ऐकतील, तुझी डिग्री भिंतीवर आहे. तू म्हणालास, जरा कुबट आहे, धुऊन घेतील. सप्ताह होऊ दे गं, आता विषय नको. आणि बुलेटला किक मारून नेवाशाला दुकानात गेलास. एकादशीला, आपल्या घरची पंगत असताना.

मी परत आले तोवर भगर चुलीवर चढली होती. तीन कढया. बाहेर माणसं येऊन बसायला लागली होती. पलीकडच्या वस्तीवरून, थेट बेलापूरकडून टेम्पो भरून आलेली. लेकुरवाळ्या बायका, सकाळपासून पाणीसुद्धा न घेतलेल्या म्हाताऱ्या. मी कढई उलथी करायला गेले, तर ती माझ्या बापालाही हलली नसती. आचाऱ्याची पोरं हसायला लागली. मी बोलत होते, बोलत होते आणि भजनाच्या भोंग्यात माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता. तेव्हा मंदिराच्या संडासापाशी ठेवलेली फिनेलची बाटली दिसली. ती उघडली आणि तिन्ही कढयांत फिरवली. पांढरी धार पडली, वास सुटला, मग मात्र सगळे ऐकायला लागले. मी माईक घेतला आणि सांगितलं, मी यात फिनेल ओतलंय, आता हे कुणीही खाऊ नका. लपून केलं नाही, चोरून केलं नाही. त्या व्हिडिओत माझा हा आवाज कापलाय, तेवढं बघून ठेव.

पुढचं तुला लोकांनी सांगितलंच असेल, तिखटमीठ लावून. कुणी केस धरले, कुणी सोडवलं. नाना खुर्चीत बसून राहिले, त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते बघून मलाही रडू आलं, हे खरं सांगते. तरी मी आवाज चढवून पोरांना नेवाशाला पिटाळलं, केळी आणि रताळी आणायला. डेअरीवरचं संध्याकाळचं दूध गावानं दिलं. दिवेलागणीच्या आत प्रत्येकाच्या पोटात काहीतरी गेलं. पंगत झाली, उपासाचा फराळ झाला, कुणी उपाशी परत गेलं नाही. त्यात कुणी मला शाबासकी द्यावी असं नव्हतंच. पण दुसऱ्या दिवशी पारावरची गंमत ऐक. तात्या सगळ्यांना विचारत होते, "ती म्हनत हुती लोकं आजारी पडत्याल. बगा बरं, पडलं का कुनी?" अहो तात्या, खाल्लं कुणी! आणि अख्खा पार मान डोलवत होता, व्हय व्हय, कुनी न्हाई पडलं. मी हसावं की डोकं आपटावं?

त्याच दुपारी तात्यांनी उरलेली पोती नदीला सोडली. उगाच भानगड नको म्हणून. देवाचं अन्न पाण्यात सोडलेलं चालतं म्हणे. हे महाशिवरात्रीनंतर सुचलं असतं तर केवढं बरं झालं असतं! आता तपासायला दाणासुद्धा शिल्लक नाही. कढईतलं फिनेलनं नासलेलं, पोत्यातलं वाहून गेलेलं. मी बरोबर होते की वेडी, हे सांगणारं काहीही उरलं नाही. आणि नाना विचारतात, किंमत काय निघाली?

तर आता किंमत. ऐक. इथे नगरला एका हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात मला नोकरी लागली आहे. आहार विभागात. जयानं सांगितलं, मी जाऊन भेटले, त्यांनी डिग्री बघितली आणि दुसऱ्या दिवसापासून यायला सांगितलं. होम सायन्स हे दोन शब्द वाचून कुणी चहा आला का बघायला उठलं नाही. सकाळी जयाच्या स्कूटरवर मागे बसून जाते. साखरेच्या पेशंटचं ताट वेगळं, किडनीच्या पेशंटचं वेगळं, बाळंतिणीचं वेगळं. परवा एका आजीनं मला विचारलं, "बाई, मला मीठ का देत न्हाईस, मी काय तुझी सवत हाय व्हय?" मी त्यांच्या पलंगावर बसून समजावलं, तर दुसऱ्या दिवशी त्यांनीच शेजारणीच्या ताटातलं लोणचं काढायला लावलं. धान्याचं कोठार माझ्या ताब्यात आहे. मी पोतं परत पाठवलं तर ते परत जातं, मला कुणाच्या पाया पडावं लागत नाही. गेल्या आठवड्यात पहिला पगार झाला. आकडा मी तुला सांगणार नाही. सांगितला की नाना लगेच तो दुकानाच्या गल्ल्याशेजारी ठेवतील आणि म्हणतील, एवढाच? मग मी आणखी एक आकडा सांगायचा, त्यात घरातला स्वयंपाक धरायचा, बाईंचं पथ्यपाणी धरायचं, तुझ्या दुकानातल्या पोरांचे डबे धरायचे. असं बेरजा करत बसले तर मीच मान्य केल्यासारखं होईल की हिशोब मांडायचा अधिकार त्यांचा. तो नाही. मला जे येतं ते मला येतं. ते विकलं तर पगार मिळतो, नाही विकलं तरी येतं.

आणि त्या दिवसाचा हिशोब कोण मांडणार? जे घडलंच नाही, त्याला भाव कोण देणार? ज्या म्हाताऱ्या त्या रात्री आपापल्या घरी नीट झोपल्या, त्यांना ठाऊकसुद्धा नाही. त्यांच्यातल्या निम्म्या मला अजून शिव्या देत असतील. देऊ देत. शिव्या देण्याइतक्या धडधाकट आहेत, मला पुष्कळ आहे. नानांना सांग, नासलेल्या भगरीचे, केळ्यांचे, रताळ्यांचे, सगळे पैसे मी माझ्या पगारातून फेडीन. मनापासून फेडीन, कारण तो त्यांचा मान होता आणि मी तो सगळ्यांसमोर मातीत घातला. याचं मला वाईट वाटतं. पण उद्या पुन्हा तशीच भगर चुलीवर चढली, तर मी पुन्हा ओतेन. फिनेल नाही मिळालं तर चुलीतली राख ओतेन.

इतकं सगळं लिहून झालं तरी मी मुद्द्याला हात घातलेला नाही, हे तुझ्या लक्षात आलं असेल. तुला मी ओळखते, आत्तापर्यंत तू मनातल्या मनात म्हणाला असशील, झालं, भांडून झालं, आता येईल. कल्याण, मी खरंच येणार होते. तुझा मेसेज आल्यावर आठवडाभर मी तेच ठरवत होते. जया माझ्यावर ओरडत होती आणि मी तिला म्हणत होते, जाऊ दे गं, एकदा नाक घासलं की काय झिजतंय? म्हातारा माणूस आहे, त्याचा मान ठेवला असं होईल. मला घराची आठवण येते. पहाटे बाई चुलीपाशी पुटपुटतात ते, विहिरीवरची मोटार सुरू झाल्याचा आवाज, तू दुकानातून आलास की तुझ्या शर्टाला येणारा औषधाचा घाण वास. त्याचीसुद्धा येते. मला वाटत होतं, तू गप्प राहिलास कारण तुला खरोखरच कळलं नाही. शिकून इतकी वर्षं झाली, नाक मेलं असेल, दिवसभर कीटकनाशकात बसतो बिचारा. मी तुझ्या बाजूनं माझ्याशीच भांडत होते.

मग परवा, गौरी जाऊन आठ-दहा दिवस झाले असतील, बाईंचा फोन आला. शेजारणीच्या मोबाईलवरून, नानांना न सांगता. आधी खूप रडल्या. गौरीला पुरण कसं बिघडलं ते सांगितलं, तुला खोकला झालाय ते सांगितलं, आणि मग मला समजवायला लागल्या. त्यांचे शब्द जसेच्या तसे लिहिते, कारण ते तेव्हापासून माझ्या कानातून जात नाहीत. म्हणाल्या, "तू उगंच डोस्क्यात राख घालून घेतलीस, पोरी. कल्याण मला दुकानात जाताना सांगून गेल्ता, बाई, आज तू भगर खाऊ नको, दुधावर ऱ्हा. नानांनाबी घरीच जेवाया बोलीव म्हनला. आपल्या घरातलं कुनीच खानार नव्हतं. मंग तुला काय पडलं हुतं गावाचं?"

त्यांना वाटत होतं, त्या मला धीर देतायत. मी फोन ठेवला आणि ओट्याला टेकून उभी राहिले. म्हणजे तुझं नाक शाबूत होतं. मुठीतली भगर हुंगताच तुला कळलं होतं, माझ्याइतकंच, कदाचित माझ्याआधी. तू तुझ्या आईला वाचवलंस, बापाला वाचवलंस आणि बाकीचा मांडव तसाच बसू दिलास. त्यात मीही होते, कल्याण. 'धुऊन घेतील' हा तुझा शब्द मानला असता, तर मीही त्या पंगतीत वाढून शेवटी जेवले असते, तुला ठाऊक होतं. मला खरं का सांगितलं नाहीस? मी ऐकणार नाही, ओरडेन, तमाशा करेन म्हणून? नानांची पंगत, दुकानातली तात्यांची गिऱ्हाइकी, सप्ताहाची शोभा, या सगळ्यांना तू किंमत लावलीस आणि ती जास्त निघाली. आणि मग मलाच विचारलंस, तुझ्या डिग्रीची किंमत काय?

हे पत्र त्यासाठी आहे. दसऱ्याला सकाळी मी पहिल्या एसटीनं येते, थेट मंदिरात. नाना म्हणतात तशी पायरीवर उभी राहीन. तू माझ्या शेजारी उभा राहायचंस आणि माझ्याआधी बोलायचंस. भगर हातात घेतल्यावर तुला काय कळलं आणि दुकानात जाताना तू बाईंना काय सांगितलंस, एवढंच. तुझ्याशिवाय दुसरा साक्षीदार उरलेला नाही. तू बोललास तर मी नाना म्हणतील तितक्या वेळा नाक घासेन, प्रसादात फिनेल ओतल्याची माफी मागेन आणि त्यांच्या पाया पडून तुझ्याबरोबर घरी येईन. पगार चालू ठेवीन, नेवाशाहून रोज नगरला जाईन, ते आपण दोघं मिळून निभावू. तू गप्प राहिलास तर मी तुझं नाव घेणार नाही. बाईंनाही यात ओढणार नाही. तुझ्या वाटचं मी बोलणार नाही, ते तुझं तुलाच बोलावं लागेल. मी फक्त माफी मागणार नाही, पायरी उतरेन आणि दुपारच्या गाडीनं सावेडीला परत येईन, आणि मग मला न्यायला येऊ नकोस.

तुझीच, दसऱ्यापर्यंत तरी,
दिपाली